ऑडी ४.२ एफएसआय इंजिनातील कार्बन साठा

ऑडी ४.२ एफएसआय इंजिनातील कार्बन साठा म्हणजे जर्मन वाहन उत्पादक ऑडी कंपनीच्या आठ सिलिंडरांच्या ४.२ लिटर पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि त्यामागील हवेच्या वाटेत जमणारा तेल व काजळीचा कठीण थर होय. थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत असा थर कमी-अधिक प्रमाणात आढळतो. मात्र २००५ मध्ये सादर झालेल्या आरएस४ (बी७ पिढी) या वेगवान गाडीतील इंजिनामुळे हा विषय विशेष चर्चेत आला. हा साठा कमी करण्यासाठी गाडीमालक व खासगी कार्यशाळा या इंजिनात अनेक प्रकारचे फेरबदल करतात. त्यांपैकी बहुतेकांनी साठ्याचा वेग मंदावतो, पण तो थांबत नाही. व्हॉल्व्हवर पुन्हा इंधन पडण्याची सोय करणे किंवा ठरावीक काळाने यांत्रिक सफाई करणे हेच उपाय खात्रीचे मानले जातात.

पार्श्वभूमी

पेट्रोल थेट सिलिंडरात फवारण्याची कल्पना जुनी आहे. १९५४ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या गाडीत यांत्रिक पंपावर चालणारी अशी व्यवस्था होती. ती महाग आणि देखभालीला अवघड असल्याने मागे पडली. पुढची काही दशके आधी कार्ब्युरेटर आणि नंतर पोर्ट इंजेक्शन, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडे हवेच्या वाटेत इंधन फवारणारी पद्धत, यांचेच राज्य राहिले. १९९६ मध्ये मित्सुबिशीने गॅलंट या गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले थेट इंजेक्शन आणले आणि ही पद्धत नव्या रूपात परतली. फोक्सवॅगन समूहाने तिला एफएसआय हे नाव दिले. २००१ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एफएसआय इंजिन असलेल्या ऑडी आर८ या शर्यतीच्या गाडीने विजय मिळवला आणि कंपनीने त्या यशाचा जाहिरातीत भरपूर उपयोग केला. शर्यतीचे इंजिन थोड्याच अंतरानंतर उघडून पुन्हा बांधले जाते, त्यामुळे हजारो किलोमीटरांत हळूहळू चढणाऱ्या थराचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट वेगळी आहे.

आरएस४ मधील इंजिनाची क्षमता ४,१६३ घन सेंटिमीटर असून संपीडन गुणोत्तर १२.५ : १ आहे. मिनिटाला ७,८०० फेऱ्यांना ते ३०९ किलोवॅट, म्हणजे ४२० मेट्रिक अश्वशक्ती देते आणि फेऱ्यांची कमाल मर्यादा ८,२५० आहे. ९२.८ मिलिमीटर लांबीचा स्ट्रोक असलेल्या इंजिनासाठी हा वेग फार मोठा आहे. या मर्यादेला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे २५.५ मीटर होते. इंजिनाला टर्बोचार्जर नाही. याच इंजिनाची ड्राय संप स्नेहन असलेली आवृत्ती आर८ या रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये वापरली गेली. २०१० मध्ये आलेल्या आरएस५ मध्ये त्याच आकाराचे इंजिन ३३१ किलोवॅटपर्यंत नेण्यात आले.

साठा तयार होण्याची प्रक्रिया

पोर्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात प्रत्येक चक्रात इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा फवारा पडतो. पेट्रोल हे स्वतः चांगले द्रावक आहे, शिवाय त्यात स्वच्छता राखणारी रसायने मिसळलेली असतात. त्यामुळे व्हॉल्व्हवर बसलेला तेलाचा पातळ थर घट्ट होण्यापूर्वीच धुतला जातो. हे धुणे अनायासे होत असल्याने अनेक वर्षे त्याचे महत्त्व कोणाच्या विशेष लक्षात आले नव्हते. थेट इंजेक्शनमध्ये इंधन सुमारे १०० बार दाबाने सरळ ज्वलनकक्षात जाते. व्हॉल्व्हच्या पाठीवरून केवळ हवा वाहते. धुणारे कोणी उरत नाही, पण मळवणारे घटक मात्र कायम राहतात.

हे घटक तीन वाटांनी येतात. पहिली वाट क्रँककेसची. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा ज्वलनवायू खाली निसटतो आणि तेथील तेलाचे तुषार घेऊन बाहेर पडू पाहतो. पूर्वी तो सरळ हवेत सोडला जात असे. प्रदूषण नियमांमुळे १९६० च्या दशकापासून तो पुन्हा इनटेकमध्ये वळवला जाऊ लागला आणि त्याबरोबर तेलही तेथे पोहोचू लागले. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्याची. दांडा ज्या गाइडमध्ये सरकतो तेथे स्नेहनासाठी तेल लागतेच आणि सील कितीही चांगली असली तरी त्यातले थोडे खाली झिरपते. तिसरी वाट जळलेल्या वायूची आहे. इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण एकाच वेळी उघडे असतात, तेव्हा थोडा जळालेला वायू काजळीसह इनटेककडे उलटा फिरतो. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी आधुनिक इंजिनांत कॅमशाफ्टची वेळ बदलून हे मुद्दाम घडवले जाते.

तेलाचा ओला थर आणि त्यावर चिकटणारी काजळी व्हॉल्व्हच्या उष्णतेने भाजली जाते. हलके घटक उडून जातात आणि मागे राळेसारखा, नंतर कोळशासारखा कठीण पदार्थ उरतो. फोक्सवॅगनच्या, २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका पेटंटात या अडचणीचे वर्णन आढळते. व्हॉल्व्हचे तापमान ३८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास साठा जळून जाऊ शकतो, असे त्यात मांडले असून त्यासाठी उत्प्रेरक लेप सुचवला आहे. म्हणजे गाड्या रस्त्यावर येत असतानाच कंपनीला अडचणीची जाण होती. इनटेक व्हॉल्व्हवरून सतत थंड हवा वाहत असल्याने नेहमीच्या शहरी वापरात त्याची पाठ तेल भाजण्याइतकी तापते, पण साठा जाळण्याइतकी तापत नाही.

परिणाम

मिनिटाला ८,००० फेऱ्यांना हे इंजिन, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरल्यास, सेकंदाला जवळजवळ २७७ लिटर हवा ओढते. ही सर्व हवा १६ इनटेक व्हॉल्व्हच्या कडेच्या अरुंद फटींतून जाते आणि एका इनटेक स्ट्रोकला चार मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. अशा वेळी व्हॉल्व्हच्या गळ्यावरचा काही मिलिमीटर जाडीचा खडबडीत थर वाट अडवतो. कमी फेऱ्यांना चालकाला फारसे काही जाणवत नाही. वरच्या फेऱ्यांत मात्र गाडी पूर्वीसारखी उसळत नाही.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत हेच नुकसान बराच काळ झाकले जाते, कारण नियंत्रण संगणक आवश्यक हवा भरण्यासाठी टर्बोचा दाब वाढवतो. आरएस४ च्या इंजिनाला तशी सोय नाही. त्याला मिळणारी हवा वातावरणाच्या दाबावरच अवलंबून असल्याने वाटेतला प्रत्येक अडथळा सरळ शक्तीत घट म्हणून दिसतो. गाड्या डायनोवर नेऊन शक्ती मोजणाऱ्या अनेक मालकांना जाहीर केलेल्या ४२० अश्वशक्तीपेक्षा बरेच कमी आकडे मिळाले आणि त्यातून या इंजिनाची अपकीर्ती झाली. चाकांवर मोजलेल्या आकड्यावरून इंजिनाची शक्ती काढताना गिअरबॉक्स व चारही चाकांना जाणाऱ्या शाफ्टमधील घट अंदाजाने धरावी लागते, त्यामुळे सर्व तफावत कार्बनच्या माथी मारणे योग्य नाही. सफाईच्या आधी व नंतर एकाच डायनोवर, सारख्या हवामानात घेतलेली मोजणी हीच त्यातल्या त्यात विश्वसनीय तुलना होय.

साठा फार वाढल्यास थंड इंजिन सुरू करताना ठोके चुकतात आणि निष्क्रिय फेऱ्या डळमळतात. थराचे तुकडे व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकल्यास तो पूर्ण मिटत नाही आणि संपीडन घटते. आठही सिलिंडरांत साठा सारखा नसल्यामुळे प्रत्येकाला मिळणारी हवाही वेगळी असते.

यांत्रिक सफाई

फेरबदलांचा विचार करण्यापूर्वी असलेला साठा काढावा लागतो, कारण घट्ट झालेल्या जुन्या थरावर बहुतेक फेरबदलांचा उपयोग होत नाही. सर्वाधिक वापरली जाणारी रीत अक्रोडाच्या कवचांची आहे. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून, कवचांचा बारीक भुगा दाबाच्या हवेने पोर्टमध्ये मारला जातो आणि त्याच वेळी व्हॅक्यूमने बाहेर ओढला जातो. तत्त्व सँडब्लास्टिंगचेच आहे. वाळू मात्र येथे चालत नाही. तिचा एखादा कण आत राहिला तरी सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. अक्रोडाचे कवच कार्बन खरवडण्याइतके कठीण असते, पण पोलाद व ॲल्युमिनियमला इजा करण्याइतके नसते, आणि चुकून आत गेलेला कण जळून जातो. बीएमडब्ल्यूने आपल्या कार्यशाळांसाठी हीच पद्धत स्वीकारली आहे.

ब्रश, खरवडणी आणि द्रावक वापरून हातानेही सफाई होते, पण त्यात वेळ फार जातो. दोन्ही पद्धतींत एक पथ्य पाळावे लागते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला नसेल तर भुगा किंवा द्रावक सिलिंडरात उतरतो. द्रव मोठ्या प्रमाणात आत राहून इंजिन फिरवले गेल्यास, द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मॅनिफोल्डबरोबर इंजेक्टर बाहेर आल्यास त्यांच्या टोकाकडील टेफ्लॉनच्या सील नव्या घालाव्या लागतात. चालू इंजिनात फवारायची रसायने स्वस्त व सोपी असली तरी कठीण थरावर त्यांचा परिणाम अपुरा होतो.

पेट्रोलच्या टाकीत ओतायची औषधे या साठ्यासाठी निरुपयोगी आहेत. त्यांनी इंजेक्टरचे टोक स्वच्छ राहू शकते, पण ज्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीला स्पर्शच करत नाही तेथे पेट्रोलमधील औषध ती पाठ धुणार कशी, हा साधा प्रश्न विक्रेते टाळतात.

इंजिनातील फेरबदल

कॅच कॅन अर्थात तेल पकडणारा डबा हा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वाधिक दिसणारा फेरबदल आहे. क्रँककेसमधून इनटेककडे जाणाऱ्या नळीत हा डबा बसवतात. आतील जाळ्या व आडपडद्यांवर तेलाचे तुषार आदळून खाली साचतात आणि पुढे तुलनेने कोरडा वायू जातो. चांगल्या बनावटीच्या डब्यात खरोखरच तेल जमते आणि ते पाहून मालकाचे समाधान होते. परंतु डब्यात तेल जमले एवढ्यावरून व्हॉल्व्ह स्वच्छ राहिला असे सिद्ध होत नाही. दांड्यावरून झिरपणारे तेल आणि उलटी फिरणारी काजळी या डब्याच्या वाटेवर येतच नाहीत. डबा वेळेवर रिकामा न केल्यास तो भरून तेल एकदम इनटेकमध्ये जाऊ शकते. थंड प्रदेशांत तेल व पाण्याचे मिश्रण गोठून नळी बंद होते, क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागतात. वायू पुन्हा इनटेकमध्ये न नेता हवेत सोडणारे डबे तेलाचा प्रश्न पूर्ण सोडवतात, पण त्यासाठी अर्धशतकापूर्वीचे प्रदूषण परत आणतात.

इनटेकमधील झडपा काढणे हा या इंजिनाचा खास फेरबदल आहे. मॅनिफोल्डमध्ये हवेला गरगर फिरवून ज्वलन सुधारणाऱ्या लहान झडपा असतात. थंड सुरुवात व कमी भार अशा वेळी त्या वाट अंशतः बंद करतात. कार्बन साचून त्या जड होतात, अडकतात आणि दोषसंकेत येतो. त्या काढल्यास अडकण्याची कटकट संपते आणि वरच्या फेऱ्यांत वाट मोकळी होते. मात्र नियंत्रण संगणकाच्या आज्ञावलीत बदल करावा लागतो आणि थंड इंजिनाचे उत्सर्जन बिघडते. व्हॉल्व्हवरचा साठा यामुळे कमी होत नाही. हे झडपांच्या तक्रारीवरचे औषध आहे, कार्बनवरचे नव्हे.

पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इनटेकमध्ये फवारण्याची पद्धत मुळात नॉकिंग रोखण्यासाठी आली. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांत ती वापरली गेली. ओल्डस्मोबाइल जेटफायर या १९६२ च्या गाडीत आणि २०१६ च्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसमध्येही (तेथे केवळ पाणी) ती होती. आरएस४ मालकांना तिचे आकर्षण वाटण्याचे कारण निराळे आहे, ते म्हणजे द्रव व्हॉल्व्हवरून वाहतो. स्वच्छ केलेल्या इंजिनात यामुळे नवा थर बसण्याचा वेग कमी होऊ शकतो. अडचण वेळेची आहे. फवारा सहसा जोरात गाडी चालवतानाच सुरू होतो, तर साठा मुख्यतः हलक्या भारावर, शहरी वर्दळीत वाढतो. थ्रॉटलजवळ एकच नोझल असल्यास आठ सिलिंडरांना द्रव सारखा मिळत नाही. शिवाय मिथेनॉल विषारी असून ॲल्युमिनियम व रबराला बाधक ठरू शकते.

पूरक पोर्ट इंजेक्शन हा तत्त्वतः सर्वांत बिनचूक उपाय आहे, कारण तो मूळ उणीव भरून काढतो. मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एक जादा इंजेक्टर बसवून व्हॉल्व्हच्या पाठीवर पुन्हा पेट्रोल पाडले जाते. बीएमडब्ल्यूच्या एन५४ या टर्बो इंजिनासाठी असे फेरबदल पुष्कळ झाले, पण तेथे मुख्य हेतू अधिक शक्तीसाठी जादा इंधन पुरवण्याचा होता. यातला फरक महत्त्वाचा आहे. पूर्ण थ्रॉटललाच उघडणारे इंजेक्टर शक्ती वाढवतील, पण धुण्याचे काम फारसे करणार नाहीत. त्यासाठी इंधनाचा काही वाटा हलक्या भारावर पोर्टमधून द्यावा लागतो आणि तेवढाच थेट इंजेक्शनमधून कमी करावा लागतो. मूळ संगणकाला या जादा इंधनाची कल्पना नसते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन संवेदकावरून तो आपले माप कमी करत जातो आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की दोषसंकेत देतो. थेट इंजेक्टर पूर्ण बंद ठेवणेही धोक्याचे असते, कारण ज्वलनकक्षातील त्यांची टोके वाहत्या इंधनानेच थंड राहतात. आरएस४ सारख्या थोड्या संख्येने बनलेल्या गाडीसाठी हा खर्च अनेक सफायांपेक्षा अधिक पडतो, म्हणून बहुतेक मालक ठरावीक अंतराने अक्रोडाची सफाई करून घेतात.

कॅमशाफ्टची वेळ बदलून जळलेला वायू कमी परतवणारी आज्ञावली काही कार्यशाळा देतात. त्याने काजळीचा एक भाग घटतो, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढते. कमी बाष्पनशील तेल वापरणे, तेल वेळेवर बदलणे, तेलाची पातळी कमाल खुणेच्या वर न जाऊ देणे या गोष्टी फेरबदल या सदरात मोडत नाहीत, तरी निरपाय आहेत.

उत्पादकांनी स्वीकारलेला मार्ग

टोयोटाने २००५ मध्येच लेक्सस आयएस ३५० या गाडीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक पोर्टमध्ये आणि एक ज्वलनकक्षात. म्हणजे ज्या वर्षी आरएस४ सादर झाली त्याच वर्षी पर्यायी रचना बाजारात होती. फोक्सवॅगन समूहाने पुढे ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत युरोपीय बाजारासाठी दुहेरी इंजेक्शन आणले. फोर्डने २०१७ पासून ३.५ लिटर इकोबूस्टमध्ये व २०१८ पासून मस्टँगच्या ५.० लिटर इंजिनात तीच वाट धरली. यामागे व्हॉल्व्हची स्वच्छता हे एकमेव कारण नव्हते. थेट इंजेक्शनमध्ये सूक्ष्म काजळीकण अधिक निर्माण होतात आणि त्यांवरील युरोपीय मर्यादा कडक होत गेल्या. हलक्या भारावर पोर्ट इंजेक्शन वापरल्यास हे कणही घटतात.

कायदेशीर बाजू

उत्सर्जनाशी संबंधित भाग काढणे किंवा निकामी करणे हे अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याखाली निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियात अशा जोडभागांना राज्याच्या हवा संसाधन मंडळाची सूट मिळवावी लागते. जर्मनीत रचनेतील बदलांना तांत्रिक तपासणी संस्थेची मान्यता लागते. केवळ सफाईला यांपैकी कोणतीही अडचण येत नाही.

भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली.

भारतातील संदर्भ

भारतीय वाचकाला ‘कार्बन काढणे’ हा शब्दप्रयोग दोन स्ट्रोकच्या स्कूटरमुळे परिचित आहे. तेथे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा कार्बन सिलिंडरच्या हेडमध्ये, पिस्टनच्या माथ्यावर आणि सायलेन्सरमध्ये जमत असे आणि हेड उघडून तो खरवडला जाई. एफएसआय इंजिनातील साठा ज्वलनकक्षाच्या अलीकडे, हवेच्या वाटेत असतो, म्हणून जुन्या अनुभवावरून त्याची कल्पना येत नाही.

४.२ लिटर इंजिनाच्या गाड्या भारतात मोजक्याच आल्या. थेट इंजेक्शन मात्र सामान्य गाड्यांतही रुळले आहे. २०१३ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये ते होते. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या श्कोडा कुशाक, स्लाविया आणि फोक्सवॅगन टायगुन, व्हर्टुस या गाड्यांच्या टीएसआय इंजिनांतही तेच आहे. या लहान इंजिनांना टर्बोचार्जर असल्याने साठ्यामुळे होणारी शक्तीतील घट चालकाला उशिरा जाणवते, आणि पहिली तक्रार बहुधा थंड इंजिनाच्या डळमळत्या निष्क्रिय फेऱ्यांची असते.